उलाळ गाडी: चिखलदऱ्याच्या घाटात वळणावर न ऐकणाऱ्या एका दूधगाडीचं प्रकरण

परतवाड्याहून निघून धामणगाव गढी मागे टाकली की रस्ता डोंगराला भिडतो. तिथून वर चिखलदऱ्यापर्यंत वळणामागून वळण. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर, म्हणजे परतवाड्यापेक्षा सातशे मीटर तरी उंच. वरच्या गावांमध्ये गवळ्यांची घरं आहेत, म्हशी आहेत, आणि त्या म्हशींचं दूध रोज सकाळी कुणीतरी खाली आणतं. बरंचसं दूध मोटरसायकलीवरच येतं.

माझं गॅरेज परतवाड्याला आहे. बावीस वर्षं दुचाक्या दुरुस्त करतोय. अशा दूधगाड्या आठवड्याला दोन-तीन तरी येतात, आणि तक्रार बहुतेक ठरलेली असते: चेन, क्लच, ब्रेकचे लायनर. शॉकअपची तक्रार घेऊन सहसा कुणी येत नाही. गाडी बसली तर बसली, कंबर दुखली तर दुखली, लोक चालवत राहतात. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्यात पहिली चूक मी केली. ती चूक आपल्याकडे बरीच गॅरेजं रोज करतात, आणि तिच्यामुळे एक पोरगा घाटात पडला.

पोरगा पायथ्याच्या गावचा, वय सव्वीस. पहाटे अंधारात रिकामे कॅन घेऊन वर जायचा, पाच-सहा घरांचं दूध गोळा करायचा आणि आठच्या आत परतवाड्याला हॉटेलांवर आणि डेअरीत पोचवायचा. गाडी १०० सीसीची, नऊ वर्षं जुनी. मागे दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या वेल्ड केलेल्या आणि त्यांना ४० लिटरचा एकेक कॅन टांगलेला. आषाढात पहिल्यांदा आला तेव्हा त्याने तक्रार अगदी नेमकी सांगितली होती. "भाऊ, वयनावर गाडी आयकत नाही. मी इकडे दाबतो, अन् थे आपली तिकडेच जाते."

हे वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. मी त्यातलं "गाडी" तेवढं ऐकलं आणि मागे जाऊन शॉकअप बघितले.

आकडा सुधारला, गाडी नाही

गाडी किती बसते हे मोजायला टेपशिवाय काही लागत नाही. डबल स्टँडवर लावून मागचं चाक अधांतरी सोडायचं आणि एक्सलच्या नटापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं. मग गाडी खाली उतरवून नुसती, मग माणूस बसवून, मग माल लादून तेच अंतर पुन्हा घ्यायचं. जेवढं कमी झालं तेवढी गाडी बसली.

या गाडीच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला एकूण ८० मिलिमीटर जागा होती. नुसती गाडी १० मिलिमीटर बसत होती, पोरगा बसला की २७, आणि दोन्ही कॅन भरले की ६९. म्हणजे सपाट फरशीवर उभी असतानाच तिच्याकडे ११ मिलिमीटर शिल्लक. साधा खड्डा आला तरी रबराच्या ठोकळ्यावर आपटणार.

त्यात वळणाचा हिशेब वेगळाच. गाडी वळणावर कलते तेव्हा तिचं वजन आणि वळणाचा बाहेरचा जोर मिळून स्प्रिंगवर पडतात. ३० अंश कललेल्या गाडीच्या स्प्रिंगला उभ्या गाडीपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त भार सोसावा लागतो. आधीच तळाला टेकलेली गाडी वळणात आणखी दबते. मग स्प्रिंग हे स्प्रिंग राहतच नाही, मागचं चाक फ्रेमला थेट जोडल्यासारखं होतं आणि रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर जमीन सोडतं.

निदान इथपर्यंत बरोबर होतं. मी जुने स्प्रिंग काढून नव्याशेजारी काउंटरवर उभे केले. जुना स्प्रिंग ८ मिलिमीटर आखूड भरला. लोक म्हणतात स्प्रिंग नरम पडला, पण पोलादाची तार अशी नरम पडत नाही. सतत जास्त वजनाखाली राहून तिची उंची खचते, आणि उंची खचली की सुरुवातीचा ताण जातो. मागच्या शॉकअपवर पाच खाचा असतात, हुक पान्याने फिरवायच्या. त्या खाचांनी हाच ताण कमीजास्त होतो. पाचव्या खाचेवर लावला की स्प्रिंग कडक झाला असा समज आहे, तो खरा नाही. गाडी वर उचलली जाते एवढंच. तार तीच, तिचा कडकपणाही तोच. या पोराची गाडी आधीपासून पाचव्या खाचेवरच होती.

मग मी जाड तारेचे स्प्रिंग आणले आणि जुन्याच शॉकअपवर चढवले. पूर्ण शॉकअपची जोडी घेतली तर खर्च तिप्पट झाला असता, आणि त्याच्या खिशाचा विचार करून मीच म्हटलं की स्प्रिंगवर भागेल. कॅन लादून पुन्हा टेप लावली. ६९ चे ४४ झाले. मला समाधान वाटलं, त्यालाही वाटलं. तो पैसे देऊन गेला.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात तो पडला. उतरताना उजवं वळण होतं, आणि वळणाच्या मध्यावर डांबर उखडून खडी वर आलेली. गाडी रुंद गेली, समोरचं चाक डावीकडच्या मुरमात उतरलं आणि घसरलं. गुडघा आणि कोपर सोलून निघाले. एक कॅन पूर्ण सांडला. दरीची बाजू दुसरीकडे होती, म्हणून मी हे सगळं आज असं लिहू शकतोय. तो माझ्यावर चिडला नाही. गॅरेजमध्ये येऊन बाकावर बसला आणि म्हणाला, "भाऊ, आधी थे नुसती आयकत नव्हती. आता उडते बी."

त्याच्या मागे घाटात

दुसऱ्या दिवशी मी माझी गाडी काढून त्याच्यासोबत वर गेलो. उतरताना त्याच्या मागे पंधरा-वीस मीटर राहून नुसतं बघत आलो. गॅरेजमधल्या फरशीवर जे दिसत नाही ते तिथे स्पष्ट दिसलं.

पहिली गोष्ट मागच्या चाकाची. उखडलेल्या पट्ट्यावरून गेलं की चाक एकदा वर यायचं, खाली जायचं, मग पुन्हा वर, पुन्हा खाली. खडी संपून दहा मीटर झाले तरी सीट हलतेच आहे. एवढ्या वेळात वळण अर्धं संपलेलं असायचं.

दुसरी गोष्ट समोरची. वळणात शिरताना तो हँडल दाबायचा आणि गाडी थोडा वेळ काहीच करायची नाही. मग एकदम कलायची, त्याला ती जास्त वाटायची, तो सावरायचा. सरळ रेषेत बघितलं तर हँडल डावीकडे-उजवीकडे बारीक शोधत असल्यासारखं हलत होतं.

तिसरी गोष्ट मी आधी कधी लक्षात घेतली नव्हती. डावा कॅन गच्च भरलेला होता, उजवा पाऊण. वळण संपवून गाडी सरळ झाली की एका क्षणाने तिला मागून पुन्हा एक हलका धक्का बसायचा. पाऊण कॅनमधलं दूध वळणात एका बाजूला चढायचं आणि गाडी सरळ झाल्यावर परत यायचं. घाटात एका वळणाला लागूनच दुसरं उलटं वळण असतं. दूध पहिल्या वळणातून परतत असताना गाडी दुसऱ्यात शिरलेली असायची.

शॉकअप उघडला तेव्हा

गॅरेजमध्ये आल्यावर जाड स्प्रिंग काढले आणि नुसता शॉकअप हातात धरला. चांगला शॉकअप उभा धरून दांडी दाबली की ती सावकाश आत जाते. बाहेर ओढताना तर त्याहून जड जाते, कारण परतीचा विरोध मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. आत तेल असतं, तेलात बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो, आणि तेलाला त्या छिद्रांतून जायला वेळ लागतो. त्याची सगळी करामत एवढीच. या शॉकअपची दांडी पहिले दोन-अडीच सेंटिमीटर काही अडथळा न येता आत गेली, सायकलचा वायसर गेलेला पंप दाबावा तशी. दांडीवर तेलाचा ओला थर, त्यावर घाटातली लाल माती चिकटलेली. दुसऱ्याची अवस्था थोडी बरी, पण तोही गेलेलाच. सील फुटून तेल कमी झालं, उरलेल्यात हवा मिसळून फेस झाला, आणि फेसाला छिद्रं अडवत नाहीत.

माझी चूक इथे होती. वजन उचलणं हे स्प्रिंगचं काम. स्प्रिंगची उडी जिरवणं हे शॉकअपचं काम. जाड तारेचा स्प्रिंग जास्त जोराने परत येतो, म्हणून त्याला परतीचा विरोधही जास्त लागतो. मी जोर वाढवला आणि विरोध होता तेवढाच, म्हणजे नाहीच, ठेवला. जुना खचलेला स्प्रिंग निदान आळसावून हलायचा. माझा नवा स्प्रिंग चाकाला उडवायला लागला. टेपवरचे ४४ मिलिमीटर अगदी खरे होते, पण टेप फक्त उभी गाडी मोजते.

उडी ओळखायची साधी रीत आहे, आणि ती मी आषाढातच करायला हवी होती. सीटच्या मागच्या टोकाला दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडायचं. गाडी एकदा वर येऊन जागेवर थांबली तर शॉकअप जिवंत. ही गाडी साडेतीन वेळा हलली.

मग बाकीचं तपासलं. मागचं चाक बाजूला हलवलं तर टायरशी ३ मिलिमीटरचा खेळ. चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक फ्रेमला जोडणाऱ्या दुहेरी दांड्याचे, बुश गेलेले. असा चिमटा असला की वळणात मागचं चाक स्वतःच थोडं वळतं, आणि चालवणाऱ्याला वाटतं रस्ता घसरडा आहे. समोरचं चाक उचलून हँडल एका बोटाने हळू फिरवलं तर बरोबर मध्ये खट्कन अडकलं. कोन सेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, खाच पडली होती. मध्यावर अडकणारं हँडल सरळ रस्त्यावर बारीक बारीक भटकतं, कारण चालवणारा त्याला खाचेतून बाहेर काढतो आणि ते पुन्हा खाचेत जातं. मागून मला दिसलेलं ते शोधणं हेच होतं. समोरच्या फोर्कचं, म्हणजे समोरचं चाक धरणाऱ्या दोन पायांचं, तेल काढलं. डाव्या पायात उजव्यापेक्षा निम्म्याच्या थोडं वर भरलं, आणि दोन्हीकडचं तेल काळं, करड्या चुऱ्याचं, पाण्यासारखं पातळ. उतारावर समोरचा ब्रेक लावला की दोन्ही पायांचा विरोध सारखा राहणार नाही आणि समोरचं भसकन बसणार. त्यात मागच्या टायरमध्ये हवा २४ पौंड, चेनकव्हरवरच्या स्टिकरवर भारासाठी लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी. टायर मध्ये झिजून चपटा झालेला, त्यामुळे कलताना तो गोलाईवरून न जाता कडेवरून एकदम पडल्यासारखा जायचा.

एवढी यादी पाहून मला वाटलं निदान झालं. ते झालं नव्हतं.

काकाजी

त्याचे वडील जखम कशी आहे ते बघायला आणि मला चार शब्द ऐकवायला आले होते. त्यांची जन्मभर शेती. एके काळी दोन बैलजोड्या होत्या. गाडी बाहेर उभी, कॅन लादलेले, पोरगा वर बसलेला. मी म्हटलं, "काकाजी, शॉकअपच खराब हायेत, बदलून देतो." त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचे कॅन बघितले, मग समोर येऊन हँडल एका हाताने उचललं. समोरचं चाक जवळपास उचललं गेलं.

"बापू, गाडी उलाय झाली हाय ना. समोर दाबच नाही, त थे वयेन कशी?"

उलाळ. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की जू वर उचलतं, बैलांच्या मानेवर ओझं राहत नाही आणि गाडी बैलांचं ऐकत नाही. उतारावर तर उलाळ गाडी बैलांना फरफटत नेते. खाचरात, म्हणजे मालाच्या बैलगाडीत, कापूस भरताना पोरांना आधी हेच शिकवतात की माल चाकाच्या आसावर तोलायचा. मीही लहानपणी हे केलेलं आहे. बावीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त करताना हे मला एकदाही आठवलं नव्हतं.

बाजारात धान्याच्या अडतीवर प्लॅटफॉर्म काटा आहे. दुपारी गर्दी कमी झाल्यावर आम्ही गाडी तिथे नेली. एक चाक काट्यावर, दुसऱ्याखाली काट्याच्या उंचीच्या फळ्या, दोघांनी नुसती सरळ धरायची आणि पोराने वर बसायचं. गाडीचं स्वतःचं वजन ११० किलोच्या आसपास, पोरगा ६५. कॅन नसताना समोरच्या चाकावर ७२ किलो, मागच्यावर १०३. मग दोन्ही कॅन लादले. दुधाचं एका लिटरचं वजन १ किलोपेक्षा किंचित जास्त भरतं, म्हणून ४० लिटरचं ४१ किलो, त्यात कॅन आणि कडी मिळून ७. एका बाजूला ४८, दोन्हीकडे ९६. समोरचा आकडा ६० वर आला आणि मागचा २११ वर गेला.

गाडीवर ९६ किलो चढवले आणि समोरचं चाक १२ किलोंनी हलकं झालं. कारण कॅनचा मध्य मागच्या एक्सलच्या १५ सेंटिमीटर मागे लटकत होता. दोन चाकांमधलं अंतर सुमारे १२० सेंटिमीटर. ९६ ला १५ ने गुणून १२० ने भागलं की बरोबर १२ येतात. पाटीवरचं गणित आहे. समोरच्या चाकाला रस्त्यावर पकड मिळते ती त्याच्यावरच्या वजनामुळे, आणि हँडल दाबल्यावर गाडी वळते ती त्याच पकडीमुळे. शिवाय मागचं टोक ४० मिलिमीटर जास्त बसलं की सगळी गाडी मागे झुकते आणि हँडलची मान सुमारे २ अंश जास्त पडते. मान जितकी पडलेली तितकं समोरचं चाक सरळ धावायला बघतं, वळायला वेळ लावतं. "मी इकडे दाबतो, अन् थे आपली तिकडेच जाते." आषाढात त्याने मला हेच सांगितलं होतं.

चेन आणि शॉकअपपलीकडे जाऊन आणखी एक गोष्ट त्याला सांगणं भाग होतं. अशा गाडीवर माणूस आणि सामान मिळून १३० किलोच्या आसपास भार धरलेला असतो. तो १६१ किलो नेत होता. नुसत्या स्प्रिंगने हे झाकता येतं, पण गाडीच्या ब्रेकला, रिमच्या तारांना, वेल्डिंगला ते झाकलेलं कळत नाही. तो म्हणाला, ८० लिटर नेलं तरच घर चालते, ६० वर भागत नाही. यावर मला लगेच उत्तर नव्हतं. ज्याच्या घरी दूध हेच उत्पन्न आहे त्याला २० लिटर कमी कर असं सांगून हात झटकणं मला बरोबर वाटलं नाही.

उत्तर त्याच्याच आईकडून आलं. वरच्या घरांमध्ये खवा आटवतातच, चिखलदऱ्याच्या खव्याला खाली मागणी आहे. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण एक किलो खवा पडतो. २० लिटर दूध वरच आटवलं तर २० किलोंच्या जागी ४ किलो खाली न्यायचे. सरपण आणि मेहनत वरच्या घरांची, म्हणून दरात त्यांचा वाटा ठरला. तो व्यवहार त्यांनी आपसात केला, त्यात मी नव्हतो. पण एवढं म्हणतो की या गाडीचं जितकं वजन त्या कढईने कमी केलं, तितकं माझ्या कुठल्याच पान्याने कमी झालं नसतं.

एका वेळी एकच बदल

या वेळी मी घाई केली नाही. रोज एक काम करायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी तो तेच वळण तिसऱ्या गिअरमध्ये, तिशीच्या वेगाने घेणार, आणि काय वाटलं ते संध्याकाळी वहीत लिहायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली कशाने ते कळत नाही, आणि बिघडली तर त्याहून कळत नाही. तेवढे दिवस तो एका वेळी निम्मंच दूध आणत होता.

पहिल्या दिवशी चिमट्याचे बुश, कोन सेट आणि टायरची हवा. ही दुरुस्ती होती, सुधारणा नव्हे, म्हणून तिन्ही एकत्र केली. वहीत त्याचे शब्द असे: "सरळ सुदी चालते. वयनावर तसंच."

दुसऱ्या दिवशी फोर्क. सील बदलले, आत धुतलं, दोन्ही पायांत पुस्तिकेतल्या मापाने सारखं तेल मोजून भरलं. बरेच जण इथे मुद्दाम दाट तेल घालतात, म्हणजे ब्रेक लावल्यावर समोरचं बसत नाही. मी घातलं नाही. दाट तेल बसणं कमी करतं हे खरं, पण उखडलेल्या रस्त्यावर चाकाला वर यायलाही तेवढाच वेळ लावतं, आणि घाटातल्या वळणावर खडीवरून चाक पटकन वर-खाली व्हायला हवं असतं. समोरचे स्प्रिंग नव्याच्या तुलनेत थोडे आखूड भरले, तेही बदलले. उतारावर ब्रेक लावताना समोर डोकं खुपसल्यासारखी गाडी जायची, ते थांबलं.

तिसऱ्या दिवशी मागचे शॉकअप. भार वाहणाऱ्यांसाठी जाड तारेचे स्प्रिंग आणि त्याला जुळणारे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाचा आतला भाग, असलेली पूर्ण जोडी मिळते, ती अमरावतीहून मागवली. आधीच्या जाड स्प्रिंगचे पैसे मी त्यातून वजा केले. विकत घेताना वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंतची लांबी जुन्याशी तंतोतंत मोजून घेतली. दुकानदार दोन सेंटिमीटर लांब जोडी देत होता, म्हणे गाडी उंच आणि रुबाबदार दिसते. लांब शॉकअपने मागचं उचललं जातं, हँडल गरजेपेक्षा जास्त चपळ होतं, चेनचा कोन बदलतो आणि डबल स्टँडवर गाडी नीट उभी राहत नाही. घाटात दूध नेणाऱ्याला यातलं काहीच नको असतं. ही जोडी बसवून सीट दाबून सोडली. गाडी एकदा वर आली आणि थांबली. त्याने स्वतः दोन-तीनदा दाबून बघितलं, मग काकाजींना बोलावून त्यांनाही दाबायला लावलं.

चौथ्या दिवशी कड्या. जुन्या कापून काढल्या आणि ४० च्या कॅनऐवजी प्रत्येक बाजूला २० आणि १० लिटरचा एकेक कॅन बसेल अशी नवी चौकट केली. लहान कॅन पुढे, फुटरेस्टकडे. मोठा मागे, पण एक्सलला लागून. सगळ्या मालाचा मध्य एक्सलच्या ५ सेंटिमीटर पुढे आला. कॅन लहान असल्याने प्रत्येक गळ्यापर्यंत भरता येतो आणि आत दूध हिंदकळायला जागा राहत नाही. दूध कमी मिळालं तर दोन्ही बाजूंचा १० चा कॅन रिकामाच न्यायचा, अर्धा भरलेला एकही न्यायचा नाही, हे त्याला दोनदा बजावलं.

पुन्हा अडतीचा काटा. माल आता खव्यासकट ८० किलो. समोरच्या चाकावर ७५ किलो, मागच्यावर १८०. रिकाम्या गाडीपेक्षाही समोर ३ किलो जास्त. मागची बसण ४० मिलिमीटर, म्हणजे निम्मी जागा शिल्लक. भार अजूनही १४५ किलो आहे, धरलेल्या मर्यादेपेक्षा १५ जास्त, आणि हे मी त्याच्या बिलाच्या मागे लिहून दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी पाऊस होता, वर धुकं. तो नऊला आला, कॅन उतरवले आणि वहीत लिहायला काही सांगेचना. मग म्हणाला, "दाबलं की वयते, भाऊ. मी पडलो होतो तिथं मले कायजी वाटली, पण गाडीले नाही वाटली."

वर जाताना रिकामी गाडी आणि उतरताना भरलेली, या दोन्हींना एकच खाच चालत नाही. वर जाताना दुसरी, उतरताना चौथी, असं ठरवलं. हुक पाना सीटखाली रबराने बांधून दिला. शेवटच्या घरी कॅन लादायच्या आधीच खाच फिरवायची, लादल्यावर पाना जड जातो. पहिले काही दिवस तो विसरायचा, आता वरच्या गवळ्याची लहान पोरगी त्याला आठवण करून देते म्हणे.

दिवाळीच्या आधी फेरतपासणीला आला. टेप लावली, भारासकट ४१. दांड्या कोरड्या. कोन सेट किंचित ढिला झाला होता, तो आवळला. नव्या चौकटीच्या एका वेल्डला केसाएवढी चीर दिसली, ती घासून पुन्हा वेल्ड केली आणि आतून एक पट्टी दिली. मागचा टायर मात्र अजून तोच चपटा आहे. दिवाळीच्या खव्याचे पैसे हातात आले की टाकू म्हणाला. मी टायर मागवून ठेवला आहे.